टायरवरचं नाव आणि आजीची कवळी: चार्ल्स गुडइयर यांची गोष्ट

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडपासून थोडं आत. गेल्या मे महिन्यात मी पुण्याहून गावी गेले, तेव्हा आजीची कवळी फुटलेली होती. सकाळी न्हाणीत धुताना हातातून निसटली, फरशीवर पडली आणि मधोमध दोन तुकडे झाले. आजी चार दिवस बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खात होती आणि कुणाला काही सांगत नव्हती.

तिला साताऱ्याला डेंटिस्टकडे नेलं. त्यांनी तोंड तपासलं, तर वरचा टाळू लालभडक. कवळी जिथपर्यंत टेकते, बरोबर तिथपर्यंत. कॅन्डिडा नावाच्या बुरशीमुळे असं होतं, असं त्यांनी सांगितलं. आजी गेली कित्येक वर्षं रात्री कवळी काढतच नव्हती.

मी सॉफ्टवेअरवाली. बाहेर बाकावर बसल्या बसल्या मोबाइल काढला आणि दहा मिनिटांत उत्तर शोधलं: अँटीमायक्रोबियल कवळी. कवळीच्या प्लास्टिकमध्येच चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे बारीक कण मिसळायचे, म्हणजे बुरशी वाढणारच नाही. आत जाऊन म्हटलं, डॉक्टर, हीच बनवू, पैसे जास्त लागले तरी चालतील. त्यांनी शांतपणे एकच गोष्ट विचारली: त्या मिश्रणाने कवळीची ताकद किती उरते, ते वाचलं का? मी वाचलं नव्हतं. आणि आमची कवळी तर फुटली म्हणूनच आम्ही तिथे आलो होतो.

त्या रात्री गच्चीवर रेंज मिळाली तशी वाचत बसले. कवळ्या कशाच्या बनतात, त्यात काय काय मिसळतात, हे शोधत मागे मागे गेले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. त्याचं नाव तुम्ही रोज रस्त्यावर वाचता, गाड्यांच्या टायरवर. चार्ल्स गुडइयर. टायरची कंपनी त्यांनी काढली नाही. त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: एखाद्या पदार्थात काय मिसळलं, किती मिसळलं आणि किती तापवलं, तर तो टिकेल?

उन्हाळ्यात वितळणारं रबर

गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. वडील बटणं, शेतीची अवजारं असला माल बनवायचे. चार्ल्स यांनी फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचं दुकान टाकलं. १८३० च्या सुमाराला ते बुडालं आणि डोक्यावर कर्ज राहिलं. त्या काळी कर्ज फेडलं नाही तर सरळ तुरुंगात टाकायचे.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका रबर कंपनीच्या दुकानात त्यांनी पाण्यात तरंगण्यासाठीचा रबरी पट्टा पाहिला. त्याची हवा भरायची झडप त्यांना कच्ची वाटली. त्यांनी ती सुधारली आणि दाखवायला पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने झडपेचं कौतुक केलं, पण खरी अडचण वेगळी आहे म्हणून सांगितलं. रबरच टिकत नव्हतं. थंडीत कडक होऊन तडकायचं, उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायचं. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या मालाला इतकी दुर्गंधी सुटायची की तो पुरून टाकावा लागे.

गुडइयर फिलाडेल्फियाला परतले आणि कर्जापायी तुरुंगात गेले. रबरावरचे पहिले प्रयोग त्यांनी तिथेच केले. बायकोचं, क्लॅरिसाचं, लाटणं मागवून घेतलं आणि कोठडीत बसून रबराच्या पोळ्या लाटू लागले. रसायनशास्त्राचं शिक्षण शून्य. हाताशी असेल ते मिसळून बघायचं, एवढंच.

पहिला प्रयत्न मॅग्नेशियाच्या भुकटीचा. रबराचा चिकटपणा गेला, बूट छान झाले, आणि उन्हाळा आला तशी त्यांची पुन्हा लापशी झाली. मग चुना. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत झाला, पण आंबट काही पडलं की चुन्याचा परिणाम संपायचा. मग नायट्रिक आम्ल. हा इलाज इतका चांगला दिसला की त्यावर त्यांना सरकारी टपालाच्या १५० पिशव्यांचं काम मिळालं. पिशव्या तयार झाल्या, देखण्या झाल्या आणि गरम खोलीत ठेवल्यावर काही दिवसांत चिकट होऊन लोंबू लागल्या. आम्लाचं काम फक्त वरवर झालं होतं. आतलं रबर होतं तसंच राहिलं होतं.

आपल्याकडे याला आम्ही टेस्टिंगची चूक म्हणतो. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ॲप मस्त चालतं आणि गावाकडच्या दोन जीबी रॅमच्या फोनवर उघडतही नाही. गुडइयर यांचा प्रत्येक नमुना हिवाळ्यातल्या टेबलावर पास व्हायचा. नापास करायचा तो उन्हाळा.

शेगडीवर पडलेला तुकडा

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात त्यांना नॅथॅनिएल हेवर्ड नावाचा माणूस भेटला. तो रबरात गंधक मिसळून उन्हात वाळवायचा. गुडइयर यांनी त्याचे हक्क विकत घेतले. मग १८३९ च्या हिवाळ्यात गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीवर पडला. तो वितळायला हवा होता. तो चामड्यासारखा करपला, पण वितळला नाही. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी होती, जी लवचीकही होती आणि चिकटही नव्हती.

हा निव्वळ अपघात होता असं म्हटलेलं गुडइयर यांना आवडायचं नाही, आणि ते बरोबरच होतं. कितीतरी लोकांच्या हातून रबर शेगडीवर पडलं असेल. त्या पट्टीकडे बघून थांबणारा माणूस पाच वर्षं तेच शोधत होता.

आत काय घडलं, ते आज आपल्याला माहीत आहे. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, शेवयांसारख्या एकमेकींवरून घसरणाऱ्या. उष्णता मिळाली की गंधक या साखळ्यांमध्ये पूल बांधतं. आमच्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तिची आठवण करा. दूर दूर टाके घातले तर वाकळ मऊ राहते, तरी कापड सरकत नाही. दाट टाके घातले तर ती पुठ्ठ्यासारखी ताठ होते. टायरच्या रबरात शंभर भाग रबराला साधारण दोन-तीन भाग गंधक असतं. तेच तिसाच्या वर नेलं आणि बराच वेळ तापवलं, तर रबर लाकडासारखं कडक होतं. घटक तेच, प्रमाण वेगळं, आणि वस्तू पूर्ण निराळी.

पण प्रमाण, तापमान आणि वेळ ठरवायला गुडइयर यांना आणखी पाच वर्षं लागली. कधी बायकोच्या चुलीत, कधी तापलेल्या वाळूत, कधी किटलीच्या वाफेत ते नमुने भाजत राहिले. शेवटी दाबाखालच्या वाफेत, साधारण १३० अंश सेल्सिअसला चार ते सहा तास, हे गणित जमलं. या काळात घरात खायला नव्हतं. मुलांची शाळेची पुस्तकं विकली गेली. त्यांच्या बारा मुलांपैकी सहा लहानपणीच गेली. चिकाटीची गोष्ट म्हणून हे वाचताना मला प्रत्येक वेळी अडखळायला होतं, कारण ही चिकाटी एकट्या त्यांच्या खर्चाने चाललेली नव्हती.

१५ जून १८४४ ला त्यांना अमेरिकेचं ३६३३ क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्यात त्यांनी दिलेलं माप असं: २५ भाग रबर, ५ भाग गंधक आणि ७ भाग सफेदा. सफेदा म्हणजे शिशाचं पांढरं संयुग, विषारी. त्याने प्रक्रिया जलद व्हायची. ते मिसळताना, हुंगताना कामगाराच्या अंगात काय जातं, हा प्रश्न त्या मापात कुठेच नव्हता.

पेटंट, कोर्ट आणि पुन्हा तुरुंग

इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गुडइयर यांच्या मालाचे नमुने पाहिले होते. वर उमटलेली गंधकाची पूड त्यांच्या लक्षात आली. त्यांनी स्वतः प्रयोग केले आणि गुडइयर यांच्या आधी इंग्लंडचं पेटंट मिळवलं. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन हे नावही हॅनकॉक यांच्या एका मित्राने सुचवलं, रोमन अग्निदेव व्हल्कनवरून. पुढे गुडइयर यांची बाजू इंग्लंडच्या कोर्टात हरली.

अमेरिकेत १८५२ मध्ये ते मोठा खटला जिंकले. त्यांचे वकील होते डॅनियल वेबस्टर, आणि त्यांची फी होती १५ हजार डॉलर. जिंकूनही पैसा हातात राहिला नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात गुडइयर यांनी कडक रबराचं अख्खं दालन उभारलं, टेबल-खुर्च्यांसकट, आणि त्यावर ३० हजार डॉलर उधळले. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनानंतर फ्रान्सचा सन्मान त्यांना मिळाला, तेव्हा ते तिथल्या कर्जदारांच्या तुरुंगात होते. १ जुलै १८६० ला न्यूयॉर्कमध्ये ते वारले. आजारी मुलीला भेटायला निघाले होते, वाटेतच ती गेल्याचं कळलं. मागे साधारण दोन लाख डॉलरचं कर्ज राहिलं. त्यांच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये. तिचा त्यांच्या घराण्याशी काही संबंध नाही, नाव फक्त सन्मान म्हणून घेतलं.

रबराची कवळी

कडक रबराचं पेटंट घेतलं चार्ल्स यांचे भाऊ नेल्सन यांनी, १८५१ मध्ये. हेच व्हल्कनाइट. त्याआधी कवळ्या हस्तिदंताच्या, पाणघोड्याच्या दाताच्या नाहीतर सोन्याच्या असायच्या, म्हणजे श्रीमंतांच्याच. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरने भूल देणं सुरू झालं आणि लोक न घाबरता किडके दात काढून घेऊ लागले. दात नसलेली तोंडं वाढली. नेमक्या त्याच वेळी असा पदार्थ आला, जो मऊ असताना टाळूच्या साच्यात दाबायचा आणि वाफेवर कडक करायचा. शिक्षक, शिंपी, कारकून, सगळ्यांना परवडणारी कवळी पहिल्यांदा मिळाली.

रंग मात्र काळपट. म्हणून त्यात हिंगूळ मिसळायचे, हिरडीसारखा लालसर रंग यावा म्हणून. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. पुन्हा तेच: एक गुण हवा म्हणून काहीतरी मिसळायचं आणि त्यासोबत दुसरं काय आलं, ते नंतर बघायचं.

व्हल्कनाइटच्या कवळीवर जॉन कमिंग्ज यांनी १८६४ मध्ये वेगळं पेटंट मिळवलं. गुडइयर डेंटल व्हल्कनाइट नावाच्या कंपनीने ते हातात घेतलं आणि प्रत्येक डेंटिस्टकडून वार्षिक फी, वर प्रत्येक कवळीमागे रॉयल्टी घेऊ लागली. आजच्या सॉफ्टवेअर लायसन्ससारखंच. जो देणार नाही, त्याच्यावर खटला. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून डेंटिस्टांना कोर्टात खेचायचे. १३ एप्रिल १८७९ ला सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅल्फंट नावाच्या डेंटिस्टने त्यांना गोळी घातली. दोन वर्षांनी पेटंट संपलं आणि व्हल्कनाइट सगळ्यांसाठी खुलं झालं. हे सगळं बघायला गुडइयर नव्हते, पण पाटीवर नाव त्यांचंच होतं.

व्हल्कनाइट टिकाऊ होतं, पण तोंडातला ओलावा शोषून वास धरायचं. १९३० च्या दशकात ॲक्रेलिक आलं: पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. पावडर आणि द्रव कालवायचे, साच्यात भरायचे, गरम पाण्यात शिजवायचे. रंग हुबेहूब हिरडीचा. आजीची फुटलेली कवळी याचीच.

मग चांदीचे कण टाकायचे की नाही?

ॲक्रेलिकच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे आणि ओरखडे असतात. तिथे कॅन्डिडा बुरशी घर करते. म्हणून संशोधकांनी ॲक्रेलिकमध्ये चांदीचे, झिंक ऑक्साइडचे, टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, कायटोसान, अगदी बुरशीनाशक औषधंसुद्धा मिसळून पाहिली. बुरशीनाशकांच्या इतिहासात आपल्या पिंपरीचंही नाव आहे बरं का. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन सापडलं, आणि ते बनवणाऱ्या जीवाणूचं शास्त्रीय नावच पिंपरीवरून ठेवलेलं आहे.

मिसळल्याने बुरशी कमी होते, हे प्रयोगशाळेत दिसतं. अडचण ताकदीची आहे. कण थोडे असतील आणि नीट पसरले असतील, तर ताकद टिकते, कधी थोडी वाढतेसुद्धा. प्रमाण वाढवलं की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. पीठ नीट मळलं नाही तर भाकरी थापताना जिथे गुठळी तिथेच कड फुटते. कवळीतही तडा गुठळीपासून सुरू होतो. औषध मिसळलं तर ते हळूहळू बाहेर पडून तोंडात उतरतं. म्हणजे एक दिवस ते संपतं, आणि मागे राहतात पोकळ जागा. चांदीने रंगही काळवंडू शकतो.

ताकद मोजायची ठरलेली पद्धत आहे. ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३.३ जाड अशी पट्टी ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची आणि मधोमध दाबायची. गरम पाण्यात शिजवलेल्या ॲक्रेलिकला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान ६५ मेगापास्कल सहन व्हायला हवेत. मी गणित मांडून पाहिलं: मधोमध साधारण साडेनऊ किलो वजन टांगण्याइतकं. जाडी निम्मी केली, तर ही क्षमता एक चतुर्थांशावर येते. वरच्या कवळीला पुढे ओठाच्या शिरेसाठी खाच ठेवलेली असते, आणि दर घासाला ती किंचित वाकते. म्हणून बहुतेक वेळा तडा मधोमध जातो. आजीच्या कवळीसारखा.

म्हणजे कुणी अँटीमायक्रोबियल म्हणून काही विकत असेल, तर दोन आकडे विचारायचे: बुरशी किती कमी होते आणि किती महिने, आणि वाकवण्याच्या चाचणीत ताकद किती राहते. त्यातही चाचणी टेबलावर झाली की माणसाच्या तोंडात, हे विचारायचं. कारण बऱ्याचशा चाचण्या प्रयोगशाळेतल्या पट्ट्यांवर झालेल्या आहेत, आणि गुडइयर यांच्या टपालाच्या पिशव्याही टेबलावर उत्तमच होत्या.

आम्ही साधी कवळी घेतली. डॉक्टरांनी टाळूसाठी औषध दिलं आणि नियम सांगितले: रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, रोज मऊ ब्रशने घासायची, टूथपेस्ट नको कारण तिने ओरखडे पडतात, उकळतं पाणी नको कारण आकार बिघडतो. आणि धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवायचं, म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. दिवाळीला गेले तेव्हा टाळू बरा झाला होता. आता रात्री देवळीत स्टीलच्या वाटीत पाणी आणि कवळी असते.

आजीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. टायर, पेटंट, कोर्ट यात तिला फारसा रस वाटला नाही. तिने विचारलं ते लाटण्याबद्दल. नवरा लाटणं घेऊन तुरुंगात बसल्यावर ती बाई पोरांना भाकरी कशावर करून घालत होती? क्लॅरिसा १८४८ मध्येच वारल्या, त्या मोठ्या खटल्याच्या चार वर्षं आधी, एवढंच मला सांगता आलं. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने कवळी काढली, घमेल्यावर धरून धुतली आणि वाटीत ठेवली.